झेंडूचं फूल आणि सदतीस नंबरची पिशवी

आजच्या या कार्यक्रमाचे अध्यक्ष, आणि ज्यांच्या समितीच्या शिफारशीवर आपल्या पेशी-निर्मिती केंद्राला गेली नऊ वर्षं शासनाचं अनुदान मिळत आलं ते आदरणीय डॉ. अमोल वाकोडे साहेब. व्यासपीठावर विराजमान झालेले सर्व वरिष्ठ अध्यापक. आजचे सत्कारमूर्ती आणि आम्हा सर्वांचे सर, डॉ. केशवराव काळबांडे, शेजारी बसलेल्या सौ. काकू, मघापासून कार्यक्रम सुरेख पुढे नेणाऱ्या वर्षालीताई, अमरावतीहून आणि मोर्शीहून जठारपेठेतल्या या सभागृहापर्यंत मुद्दाम आलेली पाहुणे मंडळी, आणि माझ्या सहकारी बंधू-भगिनींनो,

मी रागिणी निलखन. मूळची पातूरची, केंद्रात पहिल्या दिवसापासून तंत्रज्ञ. वर्षालीताईंनी मला पाच मिनिटं दिली आहेत आणि सरांच्या गमतीच्या आठवणी सांगायला सांगितलं आहे. लोक जेवणाआधी थोडे हसले पाहिजेत, असं त्या म्हणाल्या. मी प्रयत्न करते. माझ्या हातात दोन कागद आहेत. एक भाषणाचा आहे. दुसरा कशाचा आहे ते शेवटी सांगते.

काकूंच्या माहेरची ज्येष्ठ मंडळी समोर बसली आहेत, त्यांच्यासाठी आमचं काम आधी दोन शब्दांत सांगते. काही कॅन्सरमध्ये माणसाच्याच रक्तातल्या लढणाऱ्या पेशी काढून घेतात. आम्ही त्यांना आमच्या निर्जंतुक खोलीत कॅन्सर ओळखायला शिकवतो, दहा-बारा दिवस वाढवतो, आणि त्या त्याच माणसाला परत देतात. हे अजून संशोधन आहे, खात्रीचं औषध नव्हे. सरांनी कधी कुणाला तसं भासवलं नाही. पण संशोधन करायचं तर पेशी कुणीतरी बनवायला नकोत का? सरकारी दवाखान्यांत हुशार डॉक्टर होते, कागदावर चांगल्या कल्पना होत्या, पेशंट तर होतेच होते. पेशी बनवायची जागा नव्हती. ती जागा लोकांच्या पैशातून झाली पाहिजे आणि ती वऱ्हाडात झाली पाहिजे, यासाठी सर मंत्रालयाच्या किती पायऱ्या चढले ते काकूंना विचारा. केंद्र झालं तेव्हा सर एवढंच म्हणाले होते, "लोकांच्या पैशाची खोली आहे. इथं लोकांकडून काही घ्यायचं नाही आणि लोकांपासून काही लपवायचं नाही."

यातलं शेवटचं लक्षात ठेवा. मी ते विसरले होते.

आता गमतीच्या आठवणी. आमच्या टाकीला द्रवरूप नायट्रोजन लागतो. पेशींच्या पिशव्या त्यात गोठवून ठेवायच्या असतात. आता अकोल्यात हा नायट्रोजन नियमाने कुणाकडे येतो? जनावरांच्या दवाखान्यांकडे, गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनाच्या कांड्यांसाठी. सरांनी सगळे परवाने काढले आणि तीच गाडी आमच्या दारी आणली. गाडीवरचे गोपालभाऊ पहिल्या दिवशी सगळ्या खोल्यांमधून नजर फिरवून म्हणाले, "डाक्टरसाहेब, टाकी झकास हाये. पर तुमची म्हैस कुठं बांधून ठेवली?" सर गंभीरपणे म्हणाले, "गोपाल, आमच्याकडे माणसं बांधून ठेवलीत." नऊ वर्षांत गोपालभाऊंनी एक गुरुवार चुकवला नाही.

दुसरी आठवण स्वेटरची. काकू, तुम्ही हसताय, तुम्हाला कळलं. दुसऱ्या वर्षी हिवाळ्यात आमचं हवेतले कण मोजणारं यंत्र सारखं ओरडायला लागलं. मुंबईहून इंजिनियर आले, त्यांनी गाळण्या उघडल्या, बंद केल्या. कुणी म्हणालं जिनिंगचा हंगाम आहे, अकोल्याच्या हवेतच कापूस उडतो, त्याला कोण काय करणार? सर रोज सकाळी कपडे बदलायच्या खोलीत येत आणि डोकं धरून बसत. तिसऱ्या दिवशी त्यांनी खुंटीवरचा स्वतःचा स्वेटर काढून त्या यंत्रापुढे झटकला. यंत्राने किंकाळी फोडली. तो काकूंनी नवा विणलेला होता.

आमच्याकडे एक नोंदवही असते. काही बिघडलं की त्यात लिहायचं: काय बिघडलं, कधी बिघडलं, आणि शेवटचा रकाना, कारण. त्या दिवशी सरांनी त्या रकान्यात लिहिलं, "माझा स्वेटर. के. काळबांडे." आम्ही सगळे हसलो. सर हसले नाहीत. म्हणाले, "हा रकाना कधी रिकामा ठेवायचा नाही. कारण सापडलं की एक बिघडलेली गोष्ट दुरुस्त होते. नाही सापडलं, की सगळ्याच गोष्टींवर संशय येतो." तेव्हा मला ते नुसतं चांगलं वाक्य वाटलं होतं.

वर्षालीताई, घड्याळ दाखवू नका. मला कळतंय. पण आज मी खाली बसणार नाही.

आमच्या खोलीत पेशंटची नावं येत नाहीत, नंबर येतात. तरी सदतीस नंबर स्वतःच्या पायांनी चालत आला. गेल्या सप्टेंबरच्या शेवटी एक वीस वर्षांची मुलगी आमच्या बाहेरच्या काचेला नाक लावून उभी होती. डोक्याला ओढणी बांधलेली. मी बाहेर आल्यावर म्हणाली, "मॅडम, सदतीस नंबर म्हंजे मी. आकांक्षा. माह्या पेशी शिकून राहिल्या का? मी तर बारावीत गणितात दोनदा नापास झाली." मी म्हटलं, तुझ्यापेक्षा हुशार आहेत. ती एवढी हसली की तिला खोकला आला. मोर्शीजवळच्या संत्र्याच्या बागवाल्या नत्थुजींची ती मुलगी. रक्ताचा कॅन्सर दोनदा परतला होता. आमच्या अभ्यासात तिला घेतलं होतं.

तिच्या रक्तातून काढलेल्या पेशींचे आम्ही दोन भाग केले. अर्ध्या त्याच दिवशी पिशवीत भरून टाकीत गोठवल्या, राखीव म्हणून. अर्ध्या वाढवायला घेतल्या. त्याच्या सहाव्या दिवशी दसरा आला.

सगळ्यांना सुट्टी होती. पेशींना सुट्टी नसते, म्हणून मी एकटी होते. त्या आठवड्यात इन्क्युबेटर, म्हणजे ज्या उबदार कपाटात पेशी वाढतात ते, दोनदा बिघडलं होतं. पेशींची संख्याही हवी तशी वाढत नव्हती. मला त्या मुलीचं हसणं आठवत होतं. आणि माझ्या डब्याच्या पिशवीत आईने, माणिकबाईने, पहाटे पातूरच्या मळ्यातून तोडलेले झेंडू होते. तिने निघताना सांगितलं होतं, "पहिल्या तोड्याचे हायेत. तुह्या मशीनले वाहा, बाई. त्या पोरीच्या जिवाचं हाये."

तुमच्यापैकी कोण दसऱ्याला गाडीला, मोटारपंपाला, शिलाई मशीनला फूल वाहत नाही? आम्हीही वाहायचो. सरांची परवानगी बाहेरच्या दारापुरती होती. दाराला एक हार, उंबऱ्याला हळदकुंकू, त्याच्या आत काही नाही. आत जाताना आम्ही टिकलीसुद्धा काढतो.

त्या दिवशी मी एक फूल आत नेलं.

आणि कसं नेलं ते ऐका, कारण माझं शिक्षण इथेच कळतं. आत जाणाऱ्या प्रत्येक वस्तूवर स्पिरिट फवारायचं असा नियम आहे. मी झेंडूच्या फुलावर स्पिरिट फवारलं. पाकळ्या उलटून, देठापर्यंत. तीस सेकंद थांबले. नियम पाळत पाळत मी नियम मोडला. ते फूल इन्क्युबेटरच्या मुठीत खोचलं, हात जोडले, आणि त्याच हातमोज्यांनी दार उघडून सदतीस नंबरला खाद्य दिलं. मातीतले काही जंतू कवच घालून झोपलेले असतात, त्यांना स्पिरिट मारत नाही, हे मला येत नव्हतं का? परीक्षेत मी ते लिहून पास झाले आहे.

बाहेर येऊन काचेतून फोटो काढला. आईला दाखवायला. संध्याकाळी निघताना फूल काढून नेलं.

नवव्या दिवशी वाढवायच्या पेशींची पिशवी गढूळ झाली. तपासणीत जंतू आला तो काळ्या मातीतला. अहवालात त्याचं लांबलचक नाव होतं, पण मला त्याची ओळख नावावाचून पटली. मी त्याच मातीत वाढले आहे. ती पूर्ण तुकडी नष्ट करावी लागली.

सर, तुम्ही उठू नका. माझी विनंती आहे, बसा. काकू, त्यांना पाणी द्या.

सरांनी आम्हा प्रत्येकाला लेखी विचारलं, नेहमीपेक्षा वेगळं काही घडलं का? मी एक शब्द लिहिला, "नाही." खाली सही केली. का केली? मला वाटलं नोकरी जाईल. चार महिने मी याहून बरं कारण शोधते आहे, सापडलं नाही. शिवाय मनाला सांगत होते की राखीव पिशवी आहेच, सर परत बनवतील, पोरगी काही कुठे जात नाही.

सरांनी पंधरा दिवस ती खोली उभी-आडवी तपासली. हवा, पाणी, गाळण्या, सगळं. स्वतःचे कपडेसुद्धा पुन्हा झटकून पाहिले. काही सापडलं नाही, सापडणार कसं? मग नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांनी त्या रकान्यात लिहिलं, "कारण अज्ञात. जबाबदारी केंद्रप्रमुखाची." आणि स्वतः मोर्शीला जाऊन त्या आईबापांसमोर हात जोडले. मी बरोबर होते. नत्थुजी एकही वावगा शब्द बोलले नाहीत. निघताना त्यांनी संत्र्यांची पिशवी गाडीत ठेवली. ती अकोल्यापर्यंत माझ्या मांडीवर होती. अमरावती आली, मूर्तिजापूर आलं, बोरगाव आलं, आणि मी तोंड उघडलं नाही.

वाकोडे साहेब, नोव्हेंबरात आपली समिती आली. आपण लिहिलंत की कारण अज्ञात असल्यामुळे खोली, यंत्रं आणि टाकीतला सगळा साठा संशयास्पद मानावा लागेल. अनुदानाला मुदतवाढ नाही. केंद्र एकतीस जानेवारीला बंद, त्या दिवशी साठा नष्ट. मी आपल्याला दोष देत नाही. आपल्यापुढे जो कागद होता त्यावर दुसरं काही लिहिताच आलं नसतं. सरांनी सदतीस नंबरची राखीव पिशवी तरी दुसऱ्या केंद्राने घ्यावी म्हणून तीन पत्रं पाठवली. उत्तर एकच आलं, संशयास्पद साठा स्वीकारता येत नाही. त्यांचंही चुकलं नाही. कुणाचंच चुकलं नाही, साहेब. चुकलं ते फक्त माझं, आणि ते सोडून सगळ्यांनी सगळं नियमाने केलं.

आणि परत पेशी काढायच्या म्हटलं, तर या चार महिन्यांच्या औषधांनी आकांक्षाच्या रक्तात तशा पेशी उरलेल्या नाहीत. जे आहे ते टाकीत आहे.

गेल्या आठवड्यात तिची आई, कौशल्याताई, केंद्रात आल्या. त्या इथे आहेत. शेवटून दुसऱ्या रांगेत, हिरव्या लुगड्यात. सरांचा निरोप समारंभ आहे म्हणून मोर्शीहून एसटीने आल्या आहेत. मी आज काय बोलणार हे त्यांना माहीत नव्हतं. ताई, त्या दिवशी तुम्ही मला विचारलं होतं, "बाई, माह्या पोरीच्या पेशी त्या टाकीत हायेत ना? मंग कावून देऊन नाही राहिले? आमी काही चुकलो काय?" मी म्हटलं होतं, वर कळवलंय. तुम्ही माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "तू तरी काय करशील, लेकी."

ताई, मी करू शकत होते. मीच करू शकत होते.

त्या दिवसापासून मी आपल्या कार्यालयात फोन करते आहे, साहेब. उत्तर मिळालं, साहेब तीस तारखेला अकोल्याला सत्काराला येणारच आहेत, तिथेच भेटा. दुपारी पाहुण्यांच्या खोलीत गेले तर तुमच्याभोवती फोटो चालू होते. सर, तुम्हाला तरी आधी सांगायला हवं होतं. काल संध्याकाळी तुमच्या फाटकापर्यंत आले होते. काकू तुळशीपाशी होत्या. मी परत फिरले. आता माइकपुढे उभी आहे तर पळायला जागा नाही. म्हणूनच आज बोलायला नाव दिलं होतं.

आता ऐका, साहेब, कारण हे भावनेचं नाही, तुमच्या-माझ्या विद्येचं आहे. कारण अज्ञात नाही. कारण एक फूल आहे. ते खोलीत गेलं दसऱ्याच्या दिवशी, सकाळी साडेदहाला. माझ्या फोनमध्ये तारखेसह फोटो आहे, काचेतून काढलेला, इन्क्युबेटरच्या मुठीत झेंडू स्पष्ट दिसतो. राखीव पिशवी त्याच्या सहा दिवस आधी टाकीत गेली आहे. तिच्या नमुन्याची तपासणी तेव्हाही स्वच्छ आली होती, नंतरही स्वच्छ आली. त्या पिशवीला ते फूल शिवलेलंच नाही. खोलीत दोष नव्हता. हवेत नव्हता. सरांत तर नव्हताच. मग आकांक्षाने तिच्या पेशी कशासाठी गमवायच्या?

आज सकाळी मी त्या दुसऱ्या केंद्राच्या प्रमुखांना फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी तारखा पुन्हा विचारून घेतल्या. मग म्हणाले, कारण लेखी असेल, पुरावा जोडलेला असेल आणि समितीच्या अध्यक्षांची सही असेल, तर पिशवी आम्ही घेऊ. सही आजची हवी. कारण उद्या एकतीस तारीख. उद्या संध्याकाळी पाच वाजता टाकी रिकामी करायचा आदेश आहे, आणि ते समोर उभं राहून करून घ्यायचं काम केंद्रप्रमुखांचं आहे. म्हणजे आपण आत्ता ज्यांना शाल दिली, श्रीफळ दिलं, ज्यांनी ही खोली उभी केली, त्यांच्या नोकरीची शेवटची सही त्या मुलीच्या पेशी नष्ट केल्याची असणार आहे. हा निरोप आपण त्यांना द्यायचा का?

गोपालभाऊ बाहेर गाडीत बसले आहेत. न्यायचं भांडं नायट्रोजनने भरून आणलं आहे. मी त्यांना फक्त म्हटलं की कदाचित लागेल. ते म्हणाले, "कदाचित कायले? भरूनच आणतो."

केंद्र वाचवा असं मी आज मागत नाही. ते मागायचं तोंड मला नाही. माझ्यानंतर कुणीतरी मागेल, आणि ज्यांची अशी मुलं आहेत त्यांनी मागितलंच पाहिजे. मला नोकरीतून काढा. चौकशी लावा, मी प्रत्येक तारखेला हजर राहीन. सरांच्या नावापुढची ती "जबाबदारी" खोडा. आणि ती एक पिशवी जाऊ द्या. माझ्यापाशी मागण्यासारखं याहून काही नाही, आणि मागायला उद्याचा दिवस नाही.

सर, तुमचे आभार कसे मानतात ते मला येत नाही. तुम्ही मला शिकवलं, सांभाळलं, आणि माझ्या चुकीखाली चार महिने न विचारता उभे राहिलात. माझ्याकडे असं बघू नका. रागवा. आयोजकांचे, वर्षालीताईंचे, इतका वेळ शांत बसलेल्या आपणा सर्वांचे मनापासून आभार. कौशल्याताई, तुमचे आभार मानायची माझी लायकी नाही. तुम्ही बसून राहिलात, उठून गेला नाहीत, एवढं मी आयुष्यभर लक्षात ठेवीन.

बोलताना काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला, असं शेवटी म्हणायची पद्धत आहे. मीही म्हणते. पाच मिनिटांची वीस केली, जेवण थंड केलं, आनंदाच्या दिवशी सरांच्या डोळ्यांत पाणी आणलं, ते सगळं पोटात घाला. दसऱ्याचं मात्र पोटात घालू नका, साहेब. ते लिहून घ्या.

हा तो दुसरा कागद. नोंदवहीच्या त्या पानाची प्रत आहे. शेवटच्या रकान्यातलं "अज्ञात" मी खोडलं आहे आणि पुढे लिहिलं आहे, "मी आत नेलेलं झेंडूचं फूल. रागिणी निलखन." खाली तुमच्या सहीसाठी जागा सोडली आहे.